क्लासिक गाडीचं इंटिरियर नव्यानं उभं करताना: कामाचा क्रम आणि त्यातले खाचखळगे

जुनी गाडी घरी आली की नवशिक्याचा पहिला खर्च ठरलेला असतो: नवं कार्पेट आणि सीट कव्हरं. ती पार्सलं उघडून गाडीत अंथरली जातात, दोन पावसांत कार्पेटला कुबट वास येतो, वर्षभरानं खालचा पत्रा फुगतो आणि सगळं पुन्हा उचकटावं लागतं. इंटिरियरचं काम आतून बाहेर आणि वरून खाली चालतं. आधी गळती, मग पत्रा, मग वायरी, मग छत, मग दरवाजे आणि डॅशबोर्ड, त्यानंतर कार्पेट आणि सगळ्यात शेवटी सीट. हा क्रम मोडला की एक काम दुसऱ्या कामाला खराब करतं.

आधी ठरवा: काय ठेवायचं, काय बदलायचं

गाडी उघडण्यापूर्वी दोन तास नुसतं बघण्यात घालवा. मूळ लेदर, मूळ कापड, मूळ लाकूड ज्या अवस्थेत आहे त्यातून वाचण्यासारखं असेल तर वाचवा. थोडं झिजलेलं मूळ लेदर हे कोणत्याही नव्या लेदरपेक्षा गाडीला जास्त शोभतं, आणि एकदा फेकलं की परत मिळत नाही. उलट फोम, चिकटपट्ट्या, कार्पेटखालचं नमदं आणि दरवाज्यांचे फुगलेले पुठ्ठे यांच्याबद्दल हळवं होण्याची गरज नाही. ते बदलायचेच.

मूळ रंग कोणता होता हे दिसणाऱ्या भागावरून ठरवू नका. उन्हानं लाल रंग तपकिरी होतो, निळा राखाडी होतो. खरा रंग सापडतो सीट कव्हरच्या आत दुमडलेल्या कडेला, मागच्या सीटच्या पाठीखाली, दरवाज्याच्या ॲश ट्रेमागे आणि सिलच्या (दरवाज्याखालच्या उंबरठ्याच्या) पट्टीखाली दबलेल्या कार्पेटच्या तुकड्यात. तिथला छोटा तुकडा कापून, तारीख-जागा लिहून पाकिटात ठेवा. अनेक अमेरिकन गाड्यांच्या बॉडीवरच्या पत्र्याच्या छोट्या पट्टीवर ट्रिमचा (आतल्या सजावटीचा) कोड कोरलेला असतो, जुन्या मर्सिडीजच्या डेटा कार्डवर अपहोल्स्ट्रीचा कोड असतो, आणि बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचा मूळ ट्रिमचा रंग ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या हेरिटेज सर्टिफिकेटवर कळतो. कोड आणि लपलेला तुकडा जुळत नसेल तर आधीच्या मालकानं कधीतरी रंग बदललेला आहे असं समजा.

उघडणं

बॅटरीची अर्थ बाजूची केबल आधी काढा. इथे एक गंमत आहे: १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॉडीला जोडलेली केबल निगेटिव्ह नसून पॉझिटिव्ह असते. रंगावर विश्वास न ठेवता केबल कुठे जाते ते बघा.

प्रत्येक भागाचे काढण्यापूर्वी फोटो घ्या, पण नुसता समोरून नाही. कडा कशी दुमडली आहे, पाइपिंग (शिवणीतली दोरीसारखी गोल कड) कुठे संपतं, कोणता स्क्रू कोणत्या लांबीचा आहे, खिडकीची काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या दिशेला आहे, हे जवळून टिपा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर पर्मनंट मार्करनं नाव. चुकीच्या जागी गेलेला लांब स्क्रू वायरच्या जुडग्यात किंवा काचेच्या यंत्रणेत घुसतो, आणि ते कळतं सगळं बसवून झाल्यावर.

सीट आधी काढा, म्हणजे आत वावरायला जागा होते. सीटचे बोल्ट गाडीखालून चिखल-पाणी खात असतात. आदल्या दिवशी खालच्या बाजूनं पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. बोल्ट जोरानं पिळला की आतला वेल्ड केलेला नट सुटून गरागरा फिरायला लागतो, आणि मग तळ कापल्याशिवाय इलाज नसतो. प्लॅस्टिकचे भाग आणि क्लिपा थंड असताना कधीही ओढू नका. हेअर ड्रायरनं कोमट करा, क्लिपच्या अगदी शेजारी पातळ ट्रिम टूल घालून उचला. मध्यावर धरून खेचलं की पुठ्ठा फाटतो आणि क्लिप जागीच राहते.

काढलेलं काहीही फेकू नका, अगदी चिंध्या झालेलं छताचं कापडसुद्धा. तेच तुमचं माप आहे.

सावधगिरी दोन बाबतींत. जुन्या गाड्यांतल्या काही उष्णतारोधक पॅडांत आणि नमद्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. राखाडी, तंतुमय आणि हातात भुगा होणारं पॅड दिसलं तर ते कोरडं खरवडू नका, तपासून घ्या. आणि उंदरांची घाण जमलेली गाडी झाडूनं किंवा साध्या व्हॅक्युमनं साफ करायची नाही. आधी जंतुनाशक फवारून ओलं करायचं, मास्क लावायचा, मग पुसून काढायचं.

पाणी कुठून येतं

सगळं रिकामं झालं की एक जण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून पाइपानं पाणी सोडतो. पाण्याचा जोर कमी, आणि सुरुवात खालून: आधी सिलची पातळी, मग दरवाज्यांच्या कडा, मग पुढच्या काचेचं रबर, शेवटी छत. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कोणती जागा गळते हे कधीच कळत नाही. आत रबराच्या कडेनं खडूची पूड किंवा टाल्कम पावडर लावून ठेवली की पाण्याची वाट स्वच्छ उमटते.

नेहमीचे गुन्हेगार हे: पुढच्या काचेखालच्या हवेच्या पेटीत कुजलेल्या पानांनी तुंबलेली निचरा-नळी, दरवाज्याच्या तळाशी बुजलेली भोकं, काचेच्या रबराचे कोपरे, आणि बल्कहेडमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून) वायरी येतात तिथले वाळलेले ग्रोमेट (वायरीभोवतीची रबरी कडी). पुढच्या बाजूचा ओलावा बुळबुळीत लागत असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरचा रेडिएटर गळतो आहे. पेडलच्या मागे रंग सोलून निघाला असेल तर ब्रेक किंवा क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून तेल आत झिरपतं आहे. ब्रेक ऑइल रंग खातं. तिथे नवा रंग लावण्याआधी सिलिंडर दुरुस्त व्हायला हवा.

गळती पूर्ण थांबेपर्यंत पुढे जाऊ नका.

पत्रा

तळावरचं जुनं डांबरी आवरण काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम. हीट गननं मऊ करून खरवडता येतं, पण कोरडा बर्फ मिळाला तर तो पसरून दहा-पंधरा मिनिटं थांबा. आवरण इतकं कडक होतं की हातोडीच्या हलक्या टोल्यानं कपच्या उडतात. जाड हातमोजे घाला आणि गाडीचे सगळे दरवाजे उघडे ठेवा, कारण कोरड्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद जागेत साचतो.

उघड्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं सगळीकडे दाबून बघा. जिथे टोक आत जातं तिथे तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. फायबरग्लास आणि पुट्टी म्हणजे गंजावर झाकण. वेल्डिंगच्या आधी त्या जागेच्या खालून पेट्रोलचा किंवा ब्रेकचा पाइप जात नाही ना, हे वाकून बघा. आतले सगळे ज्वलनशील भाग बाहेर हवेत आणि कोणीतरी अग्निशामक घेऊन उभं हवं.

नुसता वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशनं सुटा गंज काढा, फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रव) लावा, त्याच्या डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुवा किंवा निष्प्रभ करा आणि पूर्ण वाळवा. ॲसिडचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. प्रायमरनंतर जोडांवर सीम सीलर (जोड बुजवणारी पेस्ट), मग रंग. सीलर उघड्या पत्र्यावर लावायचा नसतो. त्याच्याखाली ओल शिरते आणि गंज आत लपून वाढतो.

आवाज, उष्णता आणि वायरी

आवाज मारण्यासाठी सगळा तळ ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) शीटनं मढवण्याची हौस असते. गरज नसते. २ मिमीची शीट पत्र्याची थरथर शोषते, आणि त्यासाठी प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर २५ ते ३० टक्के क्षेत्र झाकलं तरी बोटानं टिचकी मारल्यावरचा खणखणाट बद्द होतो. उरलेलं फक्त वजन वाढवतं. शीट लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, आणि छोट्या रोलरनं इतकं दाबा की वरची नक्षी सपाट होईल. डांबरावर आधारलेली स्वस्त शीट टाळा. उन्हात ती मऊ होऊन ओघळते आणि गाडीत डांबराचा वास कायमचा राहतो.

तिच्यावर ६ मिमीचा बंद पेशींचा फोम. जुन्या तागाच्या नमद्याचा दोष हा, की ते पाणी धरून ठेवतं. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही. दोन्ही मिळून १० मिमीच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे सिलच्या पट्ट्या बसत नाहीत, सीटचे बोल्ट आखूड पडतात आणि ॲक्सिलरेटरचा पेडल तळाला आधीच टेकतो. निचऱ्याची भोकं, सीटच्या बोल्टची भोकं आणि सीट बेल्टच्या बोल्टभोवतीचा पत्रा उघडा सोडा.

कार्पेटखालून जाणाऱ्या सगळ्या वायरी आत्ताच ओढून ठेवा: मागच्या दिव्यांच्या, पेट्रोल टाकीच्या सेंडरच्या (पातळी कळवणाऱ्या भागाच्या), छतातल्या दिव्याच्या, स्पीकर लावणार असाल तर त्याही. प्रत्येक सर्किट चालवून बघा. पत्र्याच्या भोकातून जाणारी प्रत्येक वायर ग्रोमेटमधूनच गेली पाहिजे.

छत

छत कार्पेट आणि सीटच्या आधी, आणि शक्य असेल तर पुढची-मागची काच काढलेली असताना. बऱ्याच जुन्या गाड्यांत छताच्या कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते. काच जागेवर ठेवून ती कड नीट ताणून चिकटवणं अनुभवी माणसालाही जड जातं.

लोखंडी कमानींवर ताणलेलं छत असेल तर कमानी काढताना पुढून क्रमांक टाका, डावं-उजवं लिहा आणि कमानीचं टोक कोणत्या भोकात होतं तेही नोंदवा. प्रत्येक कमानीचा वाक वेगळा असतो. दोघींची अदलाबदल झाली तर कितीही ताणलं तरी एका ओळीत पोक राहतो. जुन्या कमानी गंजलेल्या असतातच. घासून, रंगवून पूर्ण सुकवा, नाहीतर नव्या कापडावर तपकिरी रेघा उमटतात.

नवं कापड आदल्या दिवशी उलगडून उबदार जागी पसरून ठेवा. कमानी खोबणींत घाला, मधली कमान आधी टांगा आणि तिथून पुढे-मागे जा. कापडाच्या मध्यावर आणि छताच्या मध्यावर खडूची खूण करा, दोन्ही खुणा एकमेकींवर यायला हव्यात. शिवणी सरळ दिसेपर्यंत चिकटवायचं नाही, नुसते कपड्यांचे चिमटे लावायचे. आधी पुढे-मागे ताण, मग दोन्ही बाजूंना. कमानीच्या खोबणीची टोकं कापताना एकेक सेंटीमीटरच कापा. जास्त कापलं तर कडेला सुरकुती पडते, कमी कापलं तर कापड बाजूला ताणलं जात नाही.

डिंक ही इथली खरी परीक्षा आहे. साधा स्प्रेचा डिंक उन्हात तापलेल्या छताला टिकत नाही, दोन उन्हाळ्यांत कापड लोंबतं. उच्च तापमानाचा, हेडलायनरसाठी (छताच्या कापडासाठी) म्हणून विकला जाणारा कॉन्टॅक्ट डिंक घ्या. पत्र्यालाही आणि कापडालाही पातळ हात द्या, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकू द्या, मगच दाबा. ओला असताना दाबला तर तो कापडातून झिरपून पुढच्या बाजूला डाग पाडतो, आणि तो डाग निघत नाही.

छतातल्या दिव्यासाठीचं भोक सर्वांत शेवटी, आणि सुरुवातीला फक्त छोटी फुली मारून.

सीट

सीट गाडीत सगळ्यात शेवटी जाते, पण ती बाहेर तयार करण्याचं काम आधी बघू. वेळ जातो तो इथे, आणि घाईची किंमतही इथेच मोजावी लागते.

कव्हर काढण्यापूर्वी सगळ्या शिवणींवर आडव्या खुणा करा, दर १० सेंटीमीटरला एक, दोन्ही तुकड्यांवर ओलांडून जाणारी. उसवल्यावर हे तुकडे पुन्हा कुठे जुळतात हे त्या खुणाच सांगतात. प्रत्येक तुकड्यावर नाव, वरची बाजू आणि लवीची दिशा लिहा. मग शिवण उसवायच्या सुरीनं धागे कापा, ओढू नका.

कव्हर फ्रेमला हॉग रिंगनं (पक्कडीनं दाबून बंद करायच्या तारेच्या कड्यांनी) लावलेलं असतं, आणि कडेच्या खोबणीत एक पातळ सळई असते. रिंगा कापून टाका, पण सळया जपून ठेवा. त्या त्या सीटच्या आकाराला वाकवलेल्या असतात आणि लोक जुन्या कव्हरबरोबर कचऱ्यात टाकून देतात. सळईशिवाय रिंगा थेट कापडाला लावल्या तर बसल्याबसल्या एकेक रिंग कापड फाडून बाहेर येते.

आता फ्रेम. पाठ आणि बैठक जोडणाऱ्या बिजागरीजवळची वेल्डिंग तपासा, तिथे तडे जातात. वळणावळणाच्या सपाट स्प्रिंगा असतील तर तुटलेली बदला आणि दोन्ही टोकांच्या क्लिपांत आवाज मारणारे प्लॅस्टिकचे किंवा कागदी अस्तर घाला; हे विसरलं की प्रत्येक खड्ड्याला सीट किरकिरते. उभ्या गोल स्प्रिंगा असतील तर त्या मजबूत सुतळीनं एकमेकींना आणि फ्रेमला बांधलेल्या असतात. दोरी कुजली असेल तर पूर्ण नव्यानं, सगळ्या स्प्रिंगा एका उंचीला दाबून बांधा. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बैठकीखाली रबरी पट्टे किंवा रबरी पडदा असतो. त्याला नखानं दाबल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो संपला.

स्प्रिंगांवर जाड गोणपाट. हा थर वगळू नका, कारण नाहीतर स्प्रिंगा फोमला खालून करवतीसारख्या कापत राहतात. त्यावर नमद्याचा पातळ थर, मग फोम. मूळ सीटमध्ये रबर मारलेला घोड्याचा केस किंवा नारळाचा काथ्या असेल आणि तो अजून लवचीक असेल तर तोच ठेवा आणि वर फक्त १०-१२ मिमीचा फोम द्या. सीटचा मूळ आकार त्यातूनच येतो. भुगा पडत असेल तर बदला.

फोम विकत घेताना घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता टिकाऊपणा सांगते, कडकपणा बसल्यावर कसं वाटेल ते सांगतो. बैठकीला साधारण ५० किलो प्रति घनमीटर किंवा त्याहून जास्त, पाठीला ३५ ते ४० चालतो. हलका पण कडक फोम हातानं दाबल्यावर दुकानात छान वाटतो आणि वर्षभरात बसतो.

बेतणं आणि शिवणं

जुनं कव्हर उसवून तसंच नव्या कापडावर ठेवून कापू नका. वर्षानुवर्षं बसून लेदर ताणलेलं असतं, आणि नवं कव्हर तितकंच सैल होतं. चालकाची सीट चढण्या-उतरण्याच्या बाजूला जास्त घासलेली असते, म्हणून शेजारच्या प्रवासी सीटचे तुकडे घ्या आणि चालकासाठी त्यांची आरशातली प्रत काढा. सममित तुकडा असेल तर मध्यावर दुमडून दोन्ही अर्धे जुळतात का पाहा, आणि कमी ताणलेला अर्धा प्रमाण माना. जाड कागदावर आकृती काढा, शिलाईची रेघ आणि त्याबाहेर १२ मिमी माया.

लेदर चौरस मापात, कातडं म्हणून विकलं जातं. मोठ्या गाईचं एक पूर्ण कातडं साधारण साडेचार ते पाच चौरस मीटर भरतं, पण व्रण, डागण्या आणि वेडेवाकडे काठ वजा जाता पाव भाग सहज वाया जातो. दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीला दोन-तीन, मोठ्या चार दरवाज्यांच्या सेडानला पाच-सहा कातडी धरा आणि सगळी एकाच लॉटची मागा, कारण पुढच्या लॉटमध्ये छटा बदलते. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट असतो. बैठक आणि पाठीचे दर्शनी तुकडे तिथून. पोटाकडचं लेदर ताणतं, ते न दिसणाऱ्या बाजूंना. जाडी १.० ते १.२ मिमी.

पट्ट्यापट्ट्यांची सीट असेल तर आधी तुकडा मापात कापून नंतर पट्ट्या शिवण्याची चूक सगळे करतात. प्रत्येक शिवणीत कापड थोडं आत खेचलं जातं, आणि दहा पट्ट्यांनंतर तुकडा दोन-तीन सेंटीमीटर आखूड निघतो. मोठा तुकडा ६ मिमीच्या अस्तरवाल्या फोमवर शिवून पट्ट्या पाडा, आणि मग त्यावर नमुना ठेवून कापा. मधली पट्टी नमुन्याच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे.

मशीन चालत्या पायाचं हवं, म्हणजे वरचा आणि खालचा थर बरोबर सरकतो. घरगुती मशीन लेदरचे चार थर आणि पाइपिंग ओढू शकत नाही. सुई मोडते किंवा टाके सुटतात. धागा बाँडेड पॉलिस्टर, टेक्स ७० (टेक्स हे धाग्याच्या जाडीचं माप) आणि १८ नंबरची सुई. दिसणाऱ्या वरच्या शिवणीला टेक्स ९० आणि २० नंबरची. नायलॉन मजबूत असतो पण उन्हानं लवकर कमकुवत होतो, उघड्या छताच्या गाडीला तर नकोच. सुती धागा कुजतो. टाका ४ मिमीच्या आसपास. बारीक टाके म्हणजे मजबुती हा कपड्यांचा नियम इथे उलटा चालतो: टाके फार जवळ आले की लेदर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं त्या रेघेवर फाटतं. आणि लेदरला टाचण्या लावायच्या नाहीत, भोक कायम राहतं, क्लिपा वापरा.

चढवणं

नवं कव्हर फोमपेक्षा किंचित लहानच असतं. फोमवर पातळ पॉलिस्टर वॅडिंग द्या, त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, व्हॅक्युम क्लीनरनं हवा ओढून फोम आक्रसवा आणि मग कव्हर सरकवा. पिशवी नंतर ओढून काढा. रेक्झिन असेल तर तासभर उन्हात ठेवून चढवलं की सुरकुत्या आपोआप कमी होतात.

हॉग रिंग लावताना पुढच्या कडेच्या मध्यापासून सुरुवात, मग मागचा मध्य, मग दोन्ही बाजूंचे मध्य, आणि कोपरे शेवटी. रिंगांमधलं अंतर ५ ते ७ सेंटीमीटर. एका कोपऱ्यापासून सुरू करून सलग गेलात तर शिवण सीटच्या कडेवर तिरकी फिरते. उरलेल्या सुरकुत्या रेक्झिनवर हीट गननं, हातभर अंतरावरून, सतत हलवत. एका जागी थांबलात तर पोत वितळून चकाकता डाग पडतो. लेदरवर हीट गन नको, हलकी वाफ आणि तळहातानं चोळणं पुरे.

जुनं लेदर वाचवायचं असेल तर

आधी कुठे थांबायचं ते ओळखा. लेदर दुमडल्यावर लालसर पूड पडत असेल किंवा नखानं ओढल्यावर कागदासारखं फाटत असेल तर तंतूच मेले आहेत. कोणतंही क्रीम त्यांना जिवंत करत नाही. भेगा फक्त वरच्या रंगाच्या थरात असतील तर काम होतं.

न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब वर राहिला तर लेदरवर रंगद्रव्याचा थर आहे, आणि ‘लेदर पोसायला’ वरून तेल चोळण्यात अर्थ नाही. ते आत जात नाही, चिकटपणा आणि धूळ तेवढी जमते. मऊ ब्रश आणि सौम्य लेदर क्लीनरनं टाक्यांच्या खोबणीतली काळी घाण काढा. कव्हर उसवलेलं असेल तर मऊ करणारं द्रव आतल्या, खडबडीत बाजूनं लावा, तिथून ते खरंच मुरतं.

पूर्ण भोक असेल तर मागून कापडाचा तुकडा लवचीक डिंकानं चिकटवा, मग पुढून लवचीक फिलर पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून. नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून जुन्या पॉलिशचा मेण काढा, बारीक घासपेपरनं हलका हात द्या आणि पाण्यावर आधारलेला लेदरचा रंग स्पंजनं किंवा एअरब्रशनं लावा. चार पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. जाड थर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात तडकतो. रंग जुळवताना तो वाळवून मगच तुलना करा, ओला रंग वेगळा दिसतो. वर पारदर्शक, मंद चमकेचा फिनिश. आक्रसलेलं लेदर मात्र परत ताणत नाही. मागच्या सीटचा काचेखालचा वरचा भाग बहुधा बदलावाच लागतो.

दरवाजे

पॅनेल फुगतात ती पावसानं नव्हे, तर आतली प्लॅस्टिकची शीट कोणीतरी फाडून टाकलेली असते म्हणून. दरवाज्याच्या आत पाणी येणं नैसर्गिक आहे, काचेवरून ते उतरतंच. ते तळाच्या भोकांतून बाहेर जावं आणि पॅनेलकडे येऊ नये, इतकंच बघायचं. जाड पॉलिथिन ब्यूटाइलच्या दोरीनं चिकटवा, आणि तिची खालची कड दरवाज्याच्या फटीतून आत सोडा. कड बाहेर राहिली तर सगळं पाणी सिलवर उतरतं.

नवा बोर्ड ३ मिमीच्या तेल पाजलेल्या हार्डबोर्डचा. जुना पुठ्ठा ठेवून आखा, पण क्लिपांची भोकं दरवाज्याच्या पत्र्यावरून ताडून बघा, फुगलेला पुठ्ठा खोटं माप देतो. कापून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निश. रेक्झिन गुंडाळून मागून डिंकानं चिकटवा. स्टेपल वापरलीच तर ४ मिमीची, कारण ६ मिमीची पिन पुढून टोचते. मूळ पॅनेलवर उष्णतेनं दाबून उमटवलेल्या रेघा असतील तर त्या घरी होत नाहीत. तयार पॅनेल घ्या, किंवा शिवलेल्या रेघांवर समाधान माना आणि त्या मूळ नाहीत हे मान्य करा.

डॅशबोर्ड, लाकूड, स्टिअरिंग

घड्याळं (वेग, पेट्रोल, तापमान दाखवणारी मापकं) काढताना मागच्या वायरींना चिकटपट्टीचे झेंडे लावा. स्मिथ्सची घड्याळं असलेल्या १९६०च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पेट्रोल आणि तापमानाचे काटे एका १० व्होल्टच्या छोट्या स्टॅबिलायझरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या डबीवर) चालतात. डॅशबोर्ड नव्यानं रंगवल्यावर त्या डबीचा अर्थ रंगामुळे तुटतो, आणि दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवू लागतात. नवी घड्याळं घेण्याआधी त्या स्क्रूखालचा रंग खरवडा. फार जुन्या काही घड्याळांचे अंधारात चमकणारे आकडे रेडियमच्या रंगाचे असू शकतात. तसा संशय असेल तर तबकडी उघडून खरवडू नका.

लाकडी डॅशबोर्डवर सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं व्हिनीअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) असतं. जुनं लॅकर मशीननं घासायला गेलात तर दोन सेकंदांत खालचं प्लायवूड दिसतं. स्ट्रिपर किंवा सौम्य उष्णता आणि प्लॅस्टिकचा खरवडणा वापरा. नवं व्हिनीअर लावायचं तर एकाच ओंडक्याचे सलग पापुद्रे घ्या, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना नक्षी आरशासारखी जुळवता येते. लॅकरचे हात देताना घड्याळांच्या भोकांच्या कडा झाकून ठेवा. तिथे थर चढला की घड्याळ आत जात नाही आणि दाबलं की नवी कड फुटते. दोन भागांच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो.

तडकलेलं स्टिअरिंग व्हील दुरुस्त होतं. प्रत्येक तडा व्ही आकारात रुंद करा, आतल्या लोखंडी कड्यापर्यंत, गंज काढा, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी दाबून भरा आणि पूर्ण दिवस कडक होऊ द्या. नुसता बारीक तडा वरून भरला तर तो महिनाभरात परत उघडतो. मग १८०, २४०, ४०० असे घासपेपर, प्रायमर आणि रंग.

कार्पेट

मोठ्या ब्रिटिश गाड्यांना विल्टन प्रकारचं लोकरीचं कार्पेट, तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना लूपचं (न कापलेल्या वळशांचं) कार्पेट, आणि त्यानंतर कापलेल्या लवीचं नायलॉन. चुकीचा पोत जाणकाराला लांबून दिसतो.

साच्यातलं कार्पेट घडीतून काढून दिवसभर उन्हात पसरा. गिअरच्या बोगद्यापासून (तळाच्या मध्यातल्या उंचवट्यापासून) सुरुवात करा, मध्य घट्ट बसवा, मग दोन्ही बाजूंना हातानं दाबत जा. कडा मोठ्याच ठेवा आणि सिलच्या पट्ट्या बसवेपर्यंत कापू नका. सीटच्या बोल्टची भोकं ड्रिलनं कधीही पाडायची नाहीत: ड्रिलमध्ये एक धागा अडकला की पुढच्या क्षणी कार्पेटभर उसवलेली रेघ असते. खालून टोच्या घालून जागा शोधा, आणि नायलॉन असेल तर तापवलेल्या सोल्डरिंग आयर्ननं भोक पाडा, कडा वितळून बंद होतात. लोकरीला धारदार पंचच.

सगळा तळ चिकटवून टाकू नका. बोगदा आणि सिल चिकटवा, पायाखालचे तुकडे बटणांवर सुटे ठेवा, म्हणजे कधी ओल शिरली तर उचलून वाळवता येतात.

पट्टे आणि सीट परत बसवणं

सीट बेल्टचं कापड ब्लीच करायचं नाही, रंगवायचंही नाही. दोन्हींनी तंतू कमकुवत होतात. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. कड फाटलेली, कडक झालेली किंवा उन्हानं फिकी पडलेली असेल तर पट्टा बदला. जुन्या बहुतेक गाड्यांत पट्ट्याचा बोल्ट ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा असतो. तो पट्ट्यासाठीच बनवलेला कठीण पोलादाचा असतो, हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा साधा बोल्ट नाही. पट्ट्याच्या टोकाची लोखंडी पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये कार्पेट किंवा फोम दाबला जाता कामा नये. फोम बसतो आणि बोल्ट आपोआप सैल होतो.

सीट आत नेताना सिल आणि दरवाज्याच्या कडांवर जुनी चादर टाका, आणि दोघांनी उचला. चारही बोल्ट हातानं दोन-तीन आटे फिरवून घ्या, सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकते का बघा, आणि मगच आवळा. एक बाजू आधी आवळली की रूळ तिरके अडकतात. शेवटी चालकाच्या जागी बसून इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच तळापर्यंत दाबून सोडा. पेडल नव्या कार्पेटला किंवा पायपुसण्याला अडकत असेल, किंवा ॲक्सिलरेटर परत यायला जरासुद्धा आळस करत असेल, तर तिथला फोम कापून काढा आणि गाडी त्यानंतरच बाहेर काढा.